मोठ्या मापाचा नमुना

मास्तरीणबाईंच्या दुकानात शिरायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. दारात पाऊल पडलं की मशीनमागून आवाज येई, "नाक!" आणि गिऱ्हाईक दचकून मास्क नाकावर ओढून घेई. तेवढ्यावर भागत नसे. लगेच दुसरा हुकूम सुटे, "पुढून धरू नका हो! दोरी धरा, दोरी. बाहेरची सगळी घाण पुढच्या कापडावर बसलेली असते, आणि तुम्ही तिलाच कुरवाळताय." हनुवटीखाली मास्क लटकवून आलेल्या पोस्टमनला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. "श्वास काय हनुवटीनं घेता?" असं वर विचारलंही होतं. बिचारा कोपऱ्यापर्यंत जाऊन, मास्क नीट करून, पुन्हा आला. बाईंच्या हातचा मास्क हवा तर बाईंचं तोंडही सोसायला हवं, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई मुळात शिवायच्या झगे, सदरे, शाळेचे गणवेश. साथ आली आणि नवे कपडे शिवून घ्यायची हौसच लोकांची गेली. मग बाईंनी मास्क करायला घेतले. तीन पदरी कापड, आत मऊ अस्तर, नाकाशी बसवलेली पातळ तार, कानामागे रुतणार नाही अशी इलॅस्टिकची दोरी. काम चोख. नाकावर माशी बसू न देणारी बाई, तिच्या टाक्यात खोट कुठून सापडणार?

पण हा सगळा कडकपणा नुसत्या स्वभावाचा नव्हता. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक जाड पडदा होता आणि पडद्यामागच्या खोलीत मास्तर होते. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. दुकान मूळचं त्यांचं. तरुणपणीच्या एका आजारात त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं आणि उरलेल्या एकावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. दोन जिने चढले की बसावं लागे. लांबलचक वाक्य बोलायचं तर मध्ये थांबावं लागे. साथीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना हे झालं तर मला फारसं काही करता येणार नाही. होऊ देऊ नका, एवढंच तुमच्या हातात आहे."

एवढंच हातात आहे म्हटल्यावर बाईंनी ते हात साबणानं धुऊन धुऊन सोलून काढले. प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की हात धुणार, टेप पुसणार, कात्री पुसणार, टेबल पुसणार. पडद्यापलीकडे कुणाला फिरकू देणार नाहीत. पैशांची नाणीसुद्धा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मास्तर हसायचे. म्हणायचे, "अगं, मलाही एकदा... पाण्यात बुडवून काढ. म्हणजे तुझा जीव... भांड्यात पडेल."

मास्तर पडद्यामागे इस्त्री करत. शिवून झालेले मास्क धुऊन वाळले की त्यांच्याकडे जात. त्यांच्या इस्त्रीची एक ख्याती होती. चाळीस वर्षांत त्यांनी एकही कापड जाळलं नव्हतं. कापड करपायच्या आधी त्याला एक वास सुटतो, ऊन लागलेल्या कागदासारखा, तो मास्तरांना इतरांच्या आधी येई. बाई बाहेर मशीनवर असल्या आणि शेजारच्या घरात दूध लागलं, तरी आतून मास्तरच आधी सांगत. "फुप्फुस एक नेलं," ते म्हणत, "पण नाक दोघांचं दिलं."

आता त्या नमुन्यांबद्दल सांगायला हवं.

बाईंच्या मशीनशेजारी भिंतीत तीन खिळे होते आणि त्यांवर तीन मास्क टांगलेले होते. लहान, मधला, मोठा. हे विकायचे नव्हेत, मापाचे. सदऱ्याची ट्रायल घेतल्याशिवाय ज्या बाईंनी आयुष्यात कधी शेवटची शिवण मारली नाही, त्या मास्क काय अंदाजे शिवणार? गिऱ्हाईक आलं की त्याचा चेहरा बघून बाई खिळ्यावरचा नमुना काढत, अर्थात दोरीला धरून. गिऱ्हाइकाला आपला मास्क काढून कागदाच्या पिशवीत ठेवायला लावत आणि नमुना तोंडावर चढवायला सांगत. मग नाकाची तार दाबायला लावत आणि म्हणत, "हं. आता खोल श्वास घ्या. सोडा. अजून खोल." श्वास घेतला की कापड थोडं आत ओढलं गेलं पाहिजे. सोडताना बाई पाण्यात भिजवलेलं बोट गालाच्या कडेशी धरत. बोटाला गार लागलं म्हणजे तिथून हवा निसटतेय. मग वहीत लिहून घेत : मधला, गालाशी एक टाका आत. मोठा, नाकाशी अर्धं बोट कमी. आणि नमुना पुन्हा खिळ्यावर.

मास्तरांनी एकदा पडद्याआडून विचारलं होतं, "ते नमुने... धुतेस का गं?"

बाईंना राग आला. "धुऊन कसं चालेल? पहिल्या दिवशी घाईत कापड न भिजवता कापलंय ते. पाणी लागलं की बोटभर आटेल. सगळी मापं त्यांच्यावरून चाललीयत माझी."

"मग नवे कर."

"करते की. दारात चार माणसं उभी आहेत, ती जाऊ देत."

ती चार गेली की दुसरी चार येत. आज करू, उद्या करू, असं करता करता पंधरा दिवस गेले. खरं सांगायचं तर बाईंना ते नमुने मास्क वाटतच नव्हते. टेप जशी, पट्टी जशी, तसे ते नमुने. गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा मास्क हा मास्क, त्याला हात लावायचा नाही, आणि खिळ्यावरचं ते माप. एवढी हुशार बाई, पण हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. टेप त्या दिवसातून वीस वेळा पुसत होत्या आणि ज्यात अख्खी गल्ली तोंड खुपसून खोल श्वास घेत होती, ते तीन तुकडे कोरडेच्या कोरडे भिंतीवर लटकत होते.

मंगळवारी मास्तरांनी तक्रार केली. खिडकीशी बसायचं तर मास्क लावूनच, हा घरातला कायदा होता. पण मास्क लावला की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरे.

"वाफ येते म्हणजे वरून हवा निसटतेय," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. साऱ्या गावाला नीट बसणारे मास्क देणारी बाई, आणि खुद्द नवऱ्याच्या नाकावर फट! नेमका तेव्हाच पोस्टमन आपलं माप देऊन गेला होता. त्याचा चेहरा लांबट, मास्तरांचाही लांबट. बाईंनी हात धुतले. दोन्ही हात कोपरापर्यंत, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. मग खिळ्यावरचा मोठा नमुना दोरीला धरून काढला, पडदा सारला आणि स्वतःच्या हातांनी मास्तरांच्या कानांमागे अडकवला.

"श्वास घ्या."

मास्तरांनी घेतला.

"असा नाही. खोल. जेवढा जाईल तेवढा."

मास्तरांनी डोळे मिटून, खांदे वर उचलून, त्यांच्या एका फुप्फुसात मावेल तेवढा श्वास घेतला. कापड ओठांना चिकटलं. बाईंनी ओलं बोट नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "पुन्हा." असं चार वेळा झालं. मग त्यांनी वहीत लिहिलं : मंगळवार. घरचे. मोठा, नाकाशी अर्धं बोट कमी, तार लांब. संध्याकाळपर्यंत नवा मास्क शिवून, धुऊन, वाळत घातला. बुधवारी सकाळी मास्तर तो लावून खिडकीशी बसले, तर चष्म्यावर वाफेचा ठिपकाही नाही. "वा, मास्तरीणबाई," ते म्हणाले. त्या दिवशी बाईंनी मशीनवर गाणं गुणगुणत काम केलं.

शनिवारी सकाळी दवाखान्यातली नर्स दारात आली. ही मुलगी बाईंची जुनी गिऱ्हाईक. बाई सवयीनं "ना..." म्हणायला गेल्या आणि थांबल्या. तिचं नाक, तोंड, सगळं व्यवस्थित झाकलेलं होतं. ती आत आली नाही. पडद्याकडे एकदा बघून तिनं आवाज खाली आणला.

"काकू, बेकरीवाल्या दादांना काल इस्पितळात हलवलं. आणि शाळेच्या मोठ्या बाईंनाही ताप आहे, कळलं ना?"

"बेकरीवाल्याचं कळलं. बाईंचं नाही."

"पोस्टमनकाका कालपासून पडून आहेत. कोण कुठे कुठे गेलं होतं ते मी विचारत फिरतेय. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तिघांनीही एक गोष्ट सांगितली." ती थोडी अडखळली. "तुमच्याकडे माप द्यायला आलो होतो म्हणाले."

बाई ताठ झाल्या. "माझ्या दुकानात? अगं, इथे मी कुणाला नाक उघडं ठेवू देत नाही. टेबल पुसते, टेप पुसते. विचार कुणालाही!"

"ते सगळे तेच म्हणतात, काकू. कोण कधी आलं, लिहिलेलं आहे का कुठे?"

बाईंनी वही दारापाशी नेऊन उघडली. डोळ्यांत तेल घालून लिहिलेली वही. त्या तोऱ्यातच वाचू लागल्या. "सोमवार. बेकरीवाले, मोठा, हनुवटीशी ढगळ. सोमवार, मोठ्या बाई, मोठा, दोरी सैल. मंगळवार, पोस्टमन, मोठा..."

"मोठा म्हणजे?"

बाईंनी नुसतं बोट दाखवलं. नर्सनं भिंतीकडे पाहिलं. तीन खिळे, तीन मास्क. मोठ्याच्या आतल्या बाजूला, तोंडाच्या जागी, कापड किंचित पिवळट पडलेलं. दारातूनही दिसत होतं.

"हा सगळ्यांनी लावून बघितला?" तिनं विचारलं. "हाच?"

"लावल्याशिवाय माप कसं..." म्हणता म्हणता बाईंची नजर त्या पिवळट डागावर गेली. पंधरा दिवस जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता एकदम शिरलं. खोल श्वास घ्या. अजून खोल. किती जणांना सांगितलं होतं हे त्यांनी? हातातल्या वहीचं पान तसंच उघडं होतं आणि नर्सची नजर पुढच्या ओळीवर गेली होती.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "घरचे म्हणजे कोण?"

बाईंनी वही मिटली. पण उत्तर नर्सला आधीच कळलं होतं. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"मंगळवारी? म्हणजे आज पाचवा दिवस. घाबरू नका. प्रत्येकाला होतंच असं नाही. ते नमुने दोरीला धरून पिशवीत घाला, तोंड बांधा, मी घेऊन जाते. दोघंही वेगळ्या खोल्यांत राहा, खिडक्या उघड्या ठेवा. ताप, खोकला, थकवा, काही वाटलं तर लगेच मला फोन. आणि वास येतोय का ते विचारत राहा त्यांना. पुष्कळांचा वास आधी जातो."

बाईंनी तिन्ही नमुने पिशवीत घातले. दोरीला धरून. पिशवीची गाठ दोनदा मारली, दोनदा सुटली. शेवटी नर्सनंच दुरून सांगितलं, "राहू द्या, मी बांधते," आणि हातमोज्यांनी पिशवी उचलून ती निघून गेली. रस्ता रिकामा होता. तिच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला.

भिंतीवर तीन खिळे उरले. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. धुतलं असतं तर काय झालं असतं? बोटभर आटलं असतं. फक्त बोटभर. नवे करायला तास लागला असता. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या दिल्या, ज्या त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकालाही कधी दिल्या नव्हत्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की आतून आवाज येत नाहीये. इस्त्री सरकल्याचा, टेबल करकरल्याचा, कसलाच नाही. मास्तर ऐकत असणार. आवाज कितीही खाली आणला तरी पडदा तो पडदाच. आता आत जाऊन काय सांगायचं? 'घाबरू नका' म्हणायचं की आधी माफी मागायची, हे त्या ठरवत होत्या, एवढ्यात त्यांच्या नाकाला वास लागला. मास्कच्या तीन पदरांतूनही लागला. ऊन लागलेल्या कागदासारखा, आणि पाठोपाठ जळक्या कापडाचा.

"अहो, जळतंय!" बाई ओरडल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

मास्तर टेबलाशी उभे होते. नवा मास्क चेहऱ्यावर व्यवस्थित बसलेला, चष्मा लख्ख. डावा हात टेबलावर टेकलेला, उजवा इस्त्रीच्या मुठीवर. इस्त्री एका पांढऱ्या मास्कवर तशीच टेकलेली होती आणि तिच्या कडेनं धुराची रेघ वर चालली होती, थेट त्यांच्या तोंडासमोरून.

"काय जळतंय?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी बोट दाखवलं. मास्तरांनी खाली पाहिलं, इस्त्री उचलली. कापडावर तिचा काळा ठसा उमटला होता. चाळीस वर्षांतला पहिला. त्यांनी तो मास्क उचलून नाकाजवळ नेला. मग, बाईंनी शिकवलं होतं तसं दोरीला धरून, स्वतःच्या तोंडावरचा मास्क एका कानावरून काढला आणि पुन्हा हुंगलं.

"अगं," ते म्हणाले, "मला काहीच... थांब हं."

त्यांनी डोळे मिटले, खांदे वर उचलले आणि खोल श्वास घ्यायला सुरुवात केली, मंगळवारी घेतला होता तसाच, जेवढा जाईल तेवढा. तो अर्ध्यावरच अडला आणि त्यांना खोकला आला.