खजूर चर्चमध्ये राहायला गेला

इरावतीचा खजूर घरात मावेनासा झाला होता, आणि बाहेर ठेवावा तर तो मरणार होता.

नेदरलँड्समधल्या टिलबर्गला आल्या वर्षी तिने तो हातभर रोप म्हणून आणला. कॅनरी बेटांवरची जात, फळं खाण्याजोगी नाहीत, नुसता डौल. उन्हाळाभर तो कुंडीत परसात मिरवायचा आणि थंडी पडली की मागच्या शेडमध्ये जायचा. पण कोरोना आला आणि तिच्या नवऱ्याने, आशुतोषने, शेडमध्ये टेबल टाकून ऑफिस थाटलं. यंदा जानेवारीपर्यंत खजुराला भिंतीच्या आडोशाला गोधडीत गुंडाळून कसंबसं निभावलं. फेब्रुवारी लागला आणि उणे दहाच्याही खाली जाणाऱ्या थंडीचा इशारा आला.

"घरात आडवा झोपवू," आशुतोष म्हणाला.

"हीटरच्या गरम हवेत? आठवड्यात वाळून कोळसा होईल! त्याला गारवा हवा, उजेड हवा, फक्त गोठायला नको."

रविवारी सकाळी बघतात तर परस पांढराशुभ्र. इरावती झाडूने झावळ्यांवरचा बर्फ झाडत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या रियाने हाक मारली. सत्तरीची रिया वस्तीतल्या चर्चची देखभाल करायची. लॉकडाऊनपासून दोघींची मैत्री कुंपणावरूनच वाढली होती.

"अगं, माझ्याकडे आण त्याला!"

"तुझ्या घरात?"

"घरात कशाला? चर्चमध्ये! माणसांना येता येत नाही, पण ऑर्गनच्या लाकडाला तडे जाऊ नयेत म्हणून थोडी ऊब ठेवतोच आम्ही. खिडक्या ह्या एवढाल्या. आणि छत बघितलंयस ना?"

इरावतीने हातातला झाडू टाकला आणि थेट शेड गाठलं. "आशू, ऊठ! जागा मिळाली!"

रियाने माळ्यावरून मुलांची बर्फावरची लाकडी घसरगाडी काढली. इरावतीने झावळ्या वर गोळा करून जुन्या सुती साडीने करकचून बांधल्या. तिघांनी कुंडी आडवी केली, गोधडीवरून सरकवत गाडीवर चढवली, आणि वरात निघाली. पुढे इरावती आणि आशुतोष दोरी ओढताहेत, मागे रिया लांबून सूचना देतेय. खिडक्याखिडक्यांतून लोक हात हलवत होते.

रेल्वेखालच्या सायकलींच्या बोगद्यापाशी उतार लागला. आशुतोषचा पाय घसरला, दोरी दोघांच्याही हातातून सुटली आणि खजूर निघाला एकटाच! सपसप, सपसप, बोगद्याच्या तोंडाकडे.

"बाजूला व्हा!" इरावती मराठीत ओरडली. समोरून येणारी बाई काय समजायचं ते समजली आणि सायकलसकट भिंतीला चिकटली. गाडी तिच्या पुढ्यातून सणसणत गेली आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात धप्पकन रुतली. इरावती धावत, घसरत, शेवटी चक्क बसून खाली पोहोचली. कुंडीला तळापासून काठापर्यंत तडा गेला होता. तिने साडी सैल करून मधला कोंब चाचपला. घट्ट होता. कोंब शाबूत म्हणजे झाड शाबूत.

"आहे! आहे!" ती ओरडली, आणि वर उभ्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता प्रश्न चढाचा. तिघांना गाडी तसूभर हलेना. रियाने धावत जाऊन चर्चमधला लांबलचक दोरखंड आणला. सायकलवाली बाई पुढे आली, मग कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ, मग आणखी दोघं-तिघं. दीड-दीड मीटरचं अंतर राखून सगळे दोरीवर उभे राहिले.

"दोघांहून जास्त जमायला बंदी आहे," आशुतोष हळूच पुटपुटला.

"जमलंय कोण? आपण रांगेत आहोत," रिया म्हणाली. "ओढा!"

इतक्या महिन्यांत इरावतीने एवढी माणसं एकत्र हसताना ऐकली नव्हती. दोरीला हिसका बसला की अख्खी रांग हसायची. ती स्वतः तर हसता हसता रडायलाच लागली होती.

शेवटी चर्चच्या खिडकीजवळ खजूर उभा राहिला आणि साडी सोडताच झावळ्या सुस्कारा टाकावा तशा पसरल्या. छत अजून कितीतरी उंच होतं. दोन खालची पानं मात्र पुढच्या आठवड्यात तपकिरी पडली आणि इरावतीला ती कापावी लागली. कुंडी तर गेलीच होती. रियाने आणलेल्या जुन्या लाकडी पिंपात तिने मुळं हलवली आणि पाणी अगदी बेताने दिलं.

मार्चअखेर रियाचा फोन आला. आवाजातून उत्साह नुसता उतू जात होता. "येता रविवार झावळ्यांचा रविवार आहे! लोकांनी झावळ्या घेऊन येशूचं स्वागत केलं, तो सण. आमच्याकडे दरवर्षी बागेतल्या झुडपाच्या डहाळ्यांनाच आम्ही झावळ्या म्हणतो. यंदा खरा खजूर! वेदीजवळ ठेवू का?"

त्या रविवारची प्रार्थना इंटरनेटवर दिसणार होती. इरावतीने साताऱ्याला आईला लिंक धाडली आणि लॅपटॉपसमोर बसली. रिकामी बाकं, एकटे धर्मगुरू, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून उंच, तिचा खजूर. कॅमेरा जवळ गेला. मधल्या कोंबाची टोकं फुटून कोवळी, पोपटी पाती मोकळी होत होती.

"आशू, नवीन पान! धाव!"

तो शेडमधून मोजे भिजवत धावत आला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आई.

"इरा, त्यांचं बोलणं काही कळलं नाही बाई," ती म्हणाली, "पण झाडासमोर हात जोडून बसलेय. किती वेळ बसायचं असतं?"