एकशे बेचाळीस

आमच्या ह्यांना अंदाज सांगायची भारी हौस. पाहुणे किती पुऱ्या खातील, सिलिंडर कधी संपेल, नागपूरची गाडी किती उशिरा येईल, काही म्हणून सोडायचे नाहीत. आणि मेले अंदाज बरोबर यायचे, हीच तर पंचाईत होती.

हे भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरवरून सायकलने कारखान्यात जायचे. कारखाना विजेची अवजड यंत्रं बनवायचा आणि हे टेस्टिंगला होते. मोटर बाहेर पाठवायच्या आधी म्हणे तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त लोड टाकून बघतात. टिकली की तिच्यावर पाटी ठोकतात, पण किती लोड झेपेल तो आकडा पाटीवर थोडा कमीच लिहितात, म्हणजे गिऱ्हाइकाकडे गेल्यावर नाक कापलं जायला नको. नीळकंठरावांच्या हातून गेलेली मोटर परत येत नाही, असं टाउनशिपमध्ये सगळे म्हणायचे. मलाही त्याचं कौतुक होतं, नाही कसं म्हणू?

आमची सुचेता बारावीला आली, तेव्हा ह्यांनी तिलाही टेस्टिंगला घेतलं. पोरीला इलेक्ट्रिकल इंजिनीअर व्हायचं होतं. बाहेरगावी होस्टेलवर पाठवायची आमची, म्हणजे ह्यांची, तयारी नव्हती. भोपाळच्या सरकारी कॉलेजात सीट मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने बी.एस्सी., असं ठरून गेलं होतं. म्हणजे सगळं त्या एका प्रवेश परीक्षेवर येऊन ठेपलं.

दर रविवारी हे तिला एक जुना पेपर सोडवायला बसवायचे. खरा पेपर तीन तासांचा, हे दोनच तास द्यायचे. पंखा बंद. भोपाळच्या मे महिन्यात, दार लावून! वर तिच्या शेजारीच ह्यांच्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री चालू. पोर घामाने निथळायची आणि पेन्सिलीने उत्तरांचे गोळे काळे करत राहायची. मी एकदा भांडले, ती माणूस आहे, मोटर नाही म्हटलं. तर म्हणाले, जास्त लोडवर टिकली की साध्या लोडवर टिकणारच. ह्यांच्यापुढे बोलून काय उपयोग, मी आपली लिंबाचं सरबत नेऊन ठेवायचे.

परीक्षेच्या आदल्या रविवारी जेवताना ह्यांनी अंदाज जाहीर केला. सगळ्यात वाईट गेलेल्या पेपरचे मार्क धरले, त्यातून आणखी थोडे काढले, आणि म्हणाले, "तीनशेपैकी एकशे बेचाळीस. त्याच्या खाली जाणार नाही, माझी गॅरंटी."

ह्यांच्या दृष्टीने ती शाबासकी होती. पण मागच्या वर्षी त्या कॉलेजात शेवटची सीट एकशे अठ्ठावन्नला गेली होती, हे पोरीला पाठ होतं. तिने हातातला घास ताटात परत ठेवला आणि बस, एवढेच का, असं विचारलं. हे म्हणाले, एवढे तर नक्कीच. ह्यांचे अंदाज चुकत नाहीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

परीक्षेचं सेंटर तुलसी नगरातल्या एका शाळेत होतं. खोली शांत, डोक्यावर दोन-दोन पंखे. बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच, आणि मग कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायची.

निकाल लागला. एकशे चव्वेचाळीस. आणि कॉलेजची शेवटची सीट याही वर्षी एकशे अठ्ठावन्नलाच थांबली होती.

हे मार्कांचा कागद हातात धरून आधी काय म्हणाले असतील? "बघा, दोनच मार्कांचा फरक." सीट गेल्याचं त्यानंतर लक्षात आलं. माझा असा संताप झाला की हातातली सांडशी फेकावी.

सुचेता मात्र शांतपणे बोलली.

"बाबा, माझा पेपर दोन तासांतच झाला होता. उरलेल्या तासाचं काय करायचं ते कळेना, म्हणून बरोबर किती येतायत ते मोजलं. एकशे साठच्या वर जात होते. तुम्ही तर एकशे बेचाळीस सांगितलं होतं. म्हटलं, इतने सारे सही कैसे हो सकते हैं, मीच कुठेतरी चुकतेय. मग जिथे जरा शंका आली ते खोडून बदललं."

ह्यांनी विचारलं, "किती खोडले?"

"एकोणीस. माझ्या वर्गातल्या रजनीच्या क्लासवाल्यांनी उत्तरं काढली होती, मी जाऊन ताडून पाहिलं. खोडलेली सगळी बरोबर होती."

एका प्रश्नाला एक मार्क. ह्यांचे ओठ सवयीने हलायला लागले, एकशे चव्वेचाळीस आणि एकोणीस, आणि मध्येच थांबले.

"अहो, मोटरला आपली पाटी वाचता येत नाही," मी म्हटलं. "हिला येते."

हे कागदाची घडी करून उठले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. मला वाईट वाटलं, पण पोरीचं जास्त वाटलं.

सुचेताने बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पुन्हा एकदा परीक्षा द्यायची म्हणून जुने पेपर खाली काढले. पहिल्या रविवारी ती टेबलाशी बसली तेव्हा ह्यांनी उठून पंखा पाचवर केला, ट्रान्झिस्टर उचलला आणि बाहेर व्हरांड्यात जायला निघाले. तिने मागून विचारलं, "बाबा, या वेळी किती येतील?"

हे दारात थांबले.

"मला नाही माहीत, बेटा," म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. सुचेताने मान खाली घातली आणि लिहायला लागली.