माडीवरचा चहाचा तक्ता

मी एक जुना प्लायवूडचा तक्ता आहे. मित्रांनो, लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून मला घडवलं आणि माझं चहाचं खोकं झालं. चहा संपला, खोकं मोडलं. एकोणीसशे अडतीस साली मी भावंडांसह निपाणीच्या बाजारात आलो.

बाबगोंडा अण्णांच्या तंबाखूच्या वखारीवर माडी होती. तिथे पद्मावतीबाई मुलींची शाळा चालवत. जुन्या सागवानी फळ्यांच्या फटींतून तंबाखूची धूळ वर येई आणि मुली खोकून बेजार होत. खोकला थांबला नाही तर शाळा बंद, असं अण्णांनी सांगून टाकलं होतं. म्हणून बाईंनी त्या फळ्यांवर ठोकायला आम्हाला आणलं.

भरमू सुतार कसबी माणूस. त्याने हलणाऱ्या फळ्या घट्ट केल्या, उंच कडा रंध्याने तासल्या. मुंग्या मरू नयेत म्हणून बाईंनी फटींतून मऊ कुंचली फिरवली. मग जुन्या फटीवर आमचा जोड येणार नाही, असं बघून भरमूने आम्हाला ठोकलं. पण त्याचा हात सागवानावर बसलेला! फळीला फळी अशी भिडवायची की मध्ये केसही जाऊ नये. आम्हालाही त्याने तसंच भिडवलं. सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही फुशारलो.

आषाढात हवा ओली झाली आणि आम्ही खरोखरच फुगलो. सरकायला जागा नव्हती, म्हणून मध्येच उंचावलो. खिळे उचकटले, धूळ पुन्हा वर आली. अण्णांनी कुलूप मागवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा रुक्माबाई जिन्यात येऊन उभी राहिली. ती खाली तंबाखू निवडायची. तिची लेक वर शिकायची. पायाला तंबाखू म्हणून ती कधी आत येत नसे.

"भरमूआण्णा, ओल धरली की तंबाखूबी फुगतीया," ती म्हणाली. "आमी गठ्ठा लई आवळत न्हाय. ह्यास्नी जागा नको व्हय?"

भरमूने राग मानला नाही. त्याने आम्हाला उचकटलं, कडा तासल्या आणि दोघांमध्ये खिळ्याच्या जाडीएवढी फट राखून पुन्हा ठोकलं. त्या फटींखाली सलग फळी होती, म्हणून धूळ अडली. वर जाजम पसरलं. श्रावणात खोकला थांबला आणि अण्णांनी कुलूप परत नेलं.

आता जाजमाखाली मला कोणी पाहत नाही. कधी कधी वाईट वाटतं. पण त्या दिवाळीनंतर बाईंनी रुक्माबाईला आत बोलावलं. "पाय धुऊन आलीया," असं म्हणत ती बिचकत माझ्यावरच बसली. लेकीने तिचा हात धरून पाटीवर 'रु' काढून घेतला. मी त्या मायलेकींचा भार आनंदाने झेलला.

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडू नका, जड पेट्या ओढू नका. आणि कोणाला शेजारी बसवाल तेव्हा थोडी जागा सोडा. खिळ्याएवढ्या जागेवर आमची शाळा टिकली.