एका कांडीची ऊब

निलंग्यात बेगमबीचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. सहा बायका मशीनवर बसायच्या आणि गुणाबाई दाराजवळ काजं-बटणं करायची. डिसेंबरात पत्रा बर्फासारखा गार पडायचा. गुणाबाईची बोटं आखडायची. एकदा सुई नखात घुसली, तरी तिला कळलंच नाही. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचा डाग उमटला तेव्हा कळलं.

बेगमबी सदऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोन कांड्यांचा हीटर आणून गुणाबाईच्या पायाशी ठेवला.

महिन्यानं विजेचं बिल आलं, ते साडेसहा हजारांनी वाढून. बेगमबीनं कागद वाचला, घडी घातली आणि कापड कापायला घेतलं. पण गुणाबाईनं तिचा चेहरा पाहिला होता. त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी यायची आणि हीटरची पिन काढून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला उकडतंय बाई."

आठवडाभर हे खपलं. मग बेगमबीची सून रुखसार कात्री द्यायला आली आणि गुणाबाईचा हात हाताला लागताच थबकली.

"मावशी, हात किती गार हाय तुमचा! अम्मी, हे बघा."

बेगमबी आली. निघालेली पिन तिला दिसली. "गुणाक्का, हे काय करून राहिलात?"

"भाभी, माझ्या एकटीपायी एवढं बिल... मला न्हाई बघवत."

"हीटरनंच वाढलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

पण बेगमबीलाही तसंच वाटत होतं, हे गुणाबाईला तिच्या आवाजावरून कळलं.

"मोजूनच बघू," रुखसार म्हणाली.

शुक्रवारी दुपारी काम बंद असतं. तेव्हा सगळी मशीनं, पंखे, दिवे बंद केले. गुणाबाईला घरी जायचं होतं, पण बेगमबीनं तिला बसवून घेतलं. नुसता हीटर अर्धा तास चालवला. रुखसारनं मीटर बघितलं: एक युनिट. म्हणजे तासाला दोन. युनिटला दहा रुपयांच्या आसपास पडतात, आणि हीटर सकाळचे तीनच तास लागतो. दिवसाचे साठ रुपये. गुणाबाईनं मान खाली घातली.

"थांबा, अजून एक चीज उरली," रुखसार म्हणाली.

त्याच महिन्यात वाफेच्या इस्त्रीची टाकी आणली होती. ती आधी तापवून घेतली, मग तशीच अर्धा तास चालू ठेवली. पुन्हा एक युनिट. पण ही टाकी सकाळी आठला चालू व्हायची ती संध्याकाळी सहालाच बंद. इस्त्री मात्र चारनंतरच सुरू व्हायची.

"दहा तास!" बेगमबीनं कपाळाला हात लावला. "दिवसाला दोनशे रुपये, त्यातले दीडशे फुकट तापवून राहिलो आपण! मीच चालू करायची ती, सकाळी आल्या आल्या."

"आता साडेतीनला लावायची," रुखसार म्हणाली. "आणि हीटरची एक कांडी बास. दिवसाला तीस रुपये."

"तीसपेक्षा जास्तीचा तर आपण चहा पितो," बेगमबी म्हणाली. "गुणाक्का, उद्यापासून पिनला हात लावायचा न्हाई."

"माझ्या पगारातून..."

"पगाराचं नाव काढू नका. तुमची काजं बघून शाळावाले परत येतात. ते हात मला पायजेत."

गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले.

सोमवारी ती भावाच्या शेतातला हुरडा घेऊन आली. सगळ्या बायका हीटरभोवती बसून खाऊ लागल्या. गुणाबाईनं पहिली मूठ बेगमबीच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "भाभी, माझ्यासाठी मीटरपुढं असं कुणी बसलं नव्हतं आजवर."

"खा आधी," बेगमबी म्हणाली, "लई गोड हाय."