डोक्याला लावायचं तेल

किळस म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. पुरुषांच्या वॉर्डात बावीस वर्षं मी मावशी आहे. मावशी हे हाक मारण्यापुरतं. काम म्हणजे फरशी, बेडपॅन आणि पेशंटच्या तोंडातून जे काय बाहेर येईल ते. एवढं करून मी दुपारी डबा उघडते आणि चवीने जेवते. पण त्या आठवड्यात सात नंबरच्या खाटेने मला डबा बंद करायला लावला. सात नंबर म्हणजे माझे जावई.

सोमवारी आणलं त्यांना, उलट्या थांबेनात म्हणून. आधी पिवळं, मग हिरवं, मग नुसता फेस. भांडं पुढे धरलं तर भांड्याच्या बाहेर, एकदा तर थेट माझ्या पायांवर. "आई, सॉरी हो," म्हणाले आणि परत ओकले. मी म्हटलं, "असू द्या, पाय धुता येतात." दुसरा कुणी असता तर चांगला खडसावला असता. पण जावई पडले ना! बरं, चैन पडायची ती फक्त गरम पाण्याखाली. तासातासाला न्हाणीघरात जायचे, नळ सोडून बसायचे आणि उकडलेल्या बटाट्यासारखे लाल होऊन बाहेर यायचे. गीझर थंड पडला की स्वयंपाकघरातून बादल्या कोण आणणार? मीच, कंबरेचा काटा ढिला करत.

इंजेक्शनं चालू होती, उपयोग शून्य. डॉक्टरांनी मला आणि लेकीला बोलावून सांगितलं, "रक्तातले क्षार घसरलेत, किडन्यांवर ताण आलाय. पित्ताशयात बारीक खडे दिसतायत. उद्या सकाळी ऑपरेशन करून टाकू. या अवस्थेत भूल देणं धोक्याचं आहे, पण थांबणंही तसंच." मग खाटेपाशी येऊन जावयांना विचारलं, "काही व्यसन? दारू, सिगारेट, गांजा?"

जावई छताकडे बघायला लागले. आणि उत्तर दिलं कुणी? या शहाणीने. "अहो डॉक्टर, आमचे जावई चहासुद्धा अर्धा कप घेतात!" सासूने जावयाची बाजू घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? डॉक्टर हसले. "मावशी सांगतायत म्हणजे प्रश्नच मिटला," म्हणाले आणि कागदावर फुली मारली.

दुपारी मी फडकं घेऊन न्हाणीघराकडे गेले. कडी नीट लागली नव्हती. आत वाफच वाफ. जावई टॉवेल गुंडाळून नळाखाली बसले होते आणि हातात तेलाची बाटली. ती मी ओळखली. रोज सकाळी लेक फाटकापाशी माझ्या हातात पिशवी द्यायची. "आई, त्यांचं डोकं तापतं गं, तेल ठेवलंय त्यात." येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात, माझी कोण तपासणार?

जावयांनी जीभ उचलली आणि थेंब मोजत ते तेल जिभेखाली सोडलं. लगेच उमासा आला, नाकातून पाणी आलं, अर्धं तेल हनुवटीवर ओघळलं. तर ते त्यांनी बोटाने निपटलं आणि बोट चाटलं. ओकारीसकट! शी!

"अहो, डोक्याचं तेल आहे ते!"

दचकले. "आई, औषध आहे हे. उलटी थांबते याने. मोठमोठ्या आजारांत देतात."

बाटली हिसकावली आणि हुंगली. वर चमेलीचा वास, खाली हिरवा, उग्र, कुजट. गांजा! मागल्या वर्षी असाच एक रंगारी होता वॉर्डात, असाच ओकायचा, असाच गरम पाण्यात बसायचा. मी त्याच्या खाटेखाली पुसत होते आणि डॉक्टर शिकाऊ पोरांना समजावत होते. थोडा घेतला तर गांजा मळमळ दाबतो. वर्षानुवर्षं घेतला तर तो अंगातल्या चरबीत मुरतो आणि काही जणांचं पोट उलटं फिरतं. मग माणूस उलटी थांबवायला आणखी घेतो आणि आणखी ओकतो. उपाय एकच, बंद करणे.

"किती वर्षं चाललंय?"

"लग्नाआधीपासून," जावई म्हणाले. वर, "आई, ती बाटली द्या ना," म्हणून तोच चाटलेला हात पुढे केला.

चारला भेटीची वेळ झाली आणि लेक आली. तिला जिन्याशी ओढलं. "तुला ठाऊक होतं?"

"मीच तर करते आई. तेलात टाकून मंद आचेवर कढवते. ओढला की वास येतो ना." भाजीची कृती सांगावी तशी सांगत होती भवानी.

"अगं, त्यांना खडे नडत नाहीत, हे नडतंय! उद्या उगाच पोट फाडतील त्यांचं!"

"फाडू दे. पित्ताशय काय, लोक काढतातच." मग माझा दंड धरून हळूच म्हणाली, "शाळेची बस चालवतात ते. कळलं तर नोकरी जाईल, संसार उघड्यावर येईल. तुला माझी शपथ, गप्प बस."

शाळेची बस. चाळीस पोरं! मी तिचा हात झटकला आणि बाटली घेऊन तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले. लेक मागोमाग आली.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोलले. माहीत नसताना बोलले, पण खोटंच. गांजा घेतात ते. हा बघा."

डॉक्टरांनी हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "आत कसं आलं हे? फाटकावर तपासणी असते ना?"

मी लेकीकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी बोलेल. तिने पदर नीट केला, डोळे खाली घातले आणि म्हणाली, "आईच्या पिशवीतून. रोज तीच आणायची."

यातला एक शब्द खोटा नव्हता. मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टर खुर्चीत टेकले. "मावशी, हे मला वर कळवावं लागेल. नोकरीवर येईल तुमच्या."

"कळवा," मी म्हटलं. "त्याआधी उद्याचं ऑपरेशन रद्द करा. आणि फाटकावर निरोप द्या, या बाईला सात नंबरपाशी सोडायचं नाही."

"कुठल्या बाईला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी लेकीकडे बोट दाखवलं.