तीन नंबरच्या सीटवरचे दोन एक्के

"तुमचा कुणाचाबी इश्वास बसणार न्हाई, म्हणून मी ही गोष्ट कुणाला सांगतच न्हाई," असं म्हणून खंडूतात्या ऐसपैस मागं टेकले आणि सांगायला लागले.

ऐकणारं खरं गिऱ्हाईक म्हणजे रोहिदास. कंपनीच्या बसवरचा नवा ड्रायव्हर, आज पहिलाच दिवस. ट्रान्सपोर्टवाल्यांनी त्याच्या हातात एक कागद कोंबला होता: गेटला पोचेपर्यंत कोण कुठल्या सीटवर बसतं ते लिही, मग वर्षभर बदल नाही. रोहिदासनं बिचाऱ्यानं साधं विचारलं होतं, "तात्या, तीन नंबर तुमचाच ना?" 'व्हय' एवढ्यावर भागलं असतं. पण एका शब्दात भागवतील तर ते तात्या कसले?

तीन नंबर म्हणजे पुढची, खिडकीची जागा. वर स्वतंत्र पंखा, आणि तो चक्क फिरतो. तात्यांची नेहमीची जागा मागच्या चाकावर. निगडी ते चाकण गतिरोधक किती, हे महापालिकेला ठाऊक असेल-नसेल, तात्यांच्या माकडहाडाला एकूण एक पाठ होते. प्रेस शॉपमधली शेवटची दोन वर्षं अजून काढायची होती. आज निगडीला तीन नंबर रिकामा दिसला आणि तात्या असे बसले की जणू जन्मले तिथंच.

बस चाकणच्या चौकाअलीकडं ट्रॅफिकमध्ये अडकून उभी होती. या रस्त्यावर पाचवीच्या जेवणाला निघालेला माणूस बारशाला पोचतो, त्यामुळं गोष्टीला वेळ भरपूर होता.

"अर्जुनराव रिटायर झाले आन् ही जागा मोकळी झाली," तात्या म्हणाले. "मागायला आमी सहा जण. चिठ्ठ्या टाकू म्हणलं, तर ट्रेनी इंजिनिअर सिद्धेशसाहेब म्हणले, हितंच बसमधी पोकर खेळा. लिमिट पोकर. परत्येकाला दोन पत्ते झाकून, मधी पाच पत्ते फेरी-फेरीनं उघडायचे, ते सगळ्यांच्या वाटणीचे. पैसा न्हाई, भंगारातले नटबोल्टाचे वायसर. बोली ठरलेली. एका वेळंला एकच वायसर वाढवायचा, एका फेरीत तीनदाच."

"मग तीनपत्तीसारखा ढीग लावून समोरच्याला घाबरवता येत नाही की," रोहिदास म्हणाला.

"हितंच तर गोम हाय! एका वायसरला कोण भितंय? हातात सत्ती-तिर्री घेऊन लोक शेवटापातुर चिकटून बसतात. लग्नात जेवान झाल्यावरबी पाव्हणे बसत्यात तसे."

"तुम्हाला काय आलं होतं?"

तात्यांनी आवाज खाली घेतला. बसमध्ये ऐकू जाईल इतकाच. "इस्पिकचा एक्का. आन् त्याच्या मागं बदामचा एक्का."

"आयला!"

"आयला काय? एक्क्याची जोडी म्हंजे गावचा पैलवान. एकाला लोळवंल, दोघांना लोळवंल. पाच जण एकदम अंगावर आले तर कुणीतरी तंगडी धरनारच. म्हणून पहिल्या फेरीलाच बोली वाढवायची. जमतील तेवढे उठवायचे, उरतील त्यांच्याकडनं वायसर वसूल करायचे. हे मला कुणी शिकवलं न्हाई. उपजतच."

"व्वा!"

"मी बोली वाढवली. शेजारी ट्रेलर हुबा होता, बावीस चाकी. त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं आत घातलं, माझे पत्ते बघितले आन् हात जोडले. दोघं त्याचं तोंड बघूनच उठले. दुसऱ्यांदा वाढवली, चौकातल्या हवालदाराच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली. तिसऱ्यांदा वाढवली आन् चौक मोकळा झाला!"

रोहिदास स्टिअरिंगवरून अख्खा मागं वळला. "चाकणचा चौक? मोकळा?"

"पन गाडी कुणी हलवली न्हाई. डावाचा निकाल लागल्याबिगर हलायचं न्हाई, म्हणले लोक."

इतक्यात दारावर थाप पडली. रोहिदासनं दार उघडलं, कुणीतरी चढलं. निगडीला बस चुकलेली माणसं इथं कुणाच्यातरी मोटारसायकलवरून येऊन आरामात गाठतात, त्यात नवल नाही. तात्या दाराकडं पाठ करून मागच्या बाकांना हातवारे दाखवत होते. मागचे लोक खुसूखुसू हसायला लागले. रंग चढला म्हणायचा, तात्यांना वाटलं, आणि त्यांनी आवाज आणखी वर नेला.

"आनखी दोघं उठले, राहिलो दोघंच! मी आन् पेंट शॉपचा सुजित. आता तो नोकरी सोडून गुजरातेत गेला, न्हाईतर हितंच हुबा करून वदवलं असतं. मधी चार पत्ते उघडे. राजा, नव्वी, चव्वा, राणी. दर फेरीला मी वाढवतोय, तो घाम पुसतोय. सिद्धेशसाहेब पत्ते उघडतायत. शेवटचा पत्ता पलटला... किलवरचा एक्का! तीन एक्के! सुजितनं पत्ते टाकले, वाकून पाया पडला. म्हणला, तात्या, ह्या जागंवर तुमीच शोभता. तवापासनं ही जागा माझी. लिव्ह रोहिदास, तीन नंबर, खंडूतात्या."

रोहिदासनं भारावून पेनाचं टोपण काढलं.

"लिहू नका, दादा."

तात्यांच्या डोक्यामागून आवाज आला. क्वालिटीमधली विजयश्री, रहाटणीची, खांद्याला डबा अडकवून वरचा दांडा धरून उभी होती.

"शेवटचा पत्ता चौकटची दुर्री होती. आणि समोर सुजित नव्हता तात्या, मी होते, दुर्रीची जोडी घेऊन. माझ्या तीन दुर्र्या झाल्या, तुमची एक्क्यांची जोडी पडली, जागा माझी. तुम्ही त्या दिवशी एकदाही बोली वाढवली नाहीत! एक्के मांडीखाली दाबून चारी फेऱ्या 'चालू द्या, चालू द्या' करत होतात, तीनपत्तीत पत्ते न बघता ब्लाइंड खेळल्यासारखे, कुणाला वास लागू नये म्हणून. तीनदा वाढवली असती ना, तर असल्या फुसक्या दुर्र्या टाकून मी पहिल्याच फेरीत उठले असते. पण तुम्ही एकही जादा वायसर न घेता मला शेवटपर्यंत बसू दिलंत. सहाही जण होतो शेवटाला, आणि चौक तर बंदच होता! उठा आता."