चाकाला फिरायला जागा

वास्तुकला शिकवण्यात उभी हयात गेलेल्या त्या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणत. चिडवायचं असलं की बायकोसुद्धा. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती थोरल्या बहिणीकडे राहत होती, कारण इथल्या जिन्यापुढे चाकाच्या खुर्चीचं काही चालेना. मग सरांनी जिवाचं रान करून तळमजल्यावर तिच्यासाठी खोली बांधून घेतली. आज ती ही खोली बघायला येणार होती. पसंत पडली तर राहणार, नाहीतर ताईबरोबर परत. सरांना सकाळपासून चहासुद्धा गोड लागत नव्हता.

ती आली आणि सरांनी वर्गात घेतात तसा तासच सुरू केला. दार खुर्चीच्या मापाने रुंद. खिडकी खाली घेतलेली, बसल्याबसल्या रस्ता दिसावा म्हणून. दिव्याचं बटण तिच्या धड हाताशी. मधली जागा मात्र सबंध मोकळी, खुर्चीला पुरती गिरकी घेता यावी एवढी.

“आधी माणूस मोजायचा, मग भिंत घालायची,” सर म्हणाले. “आता तुझं सगळं तुला करता येईल.”

तिने खुर्ची फिरवून पाहिली. कुठेच धक्का लागला नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. पण त्या ‘छान’मध्ये काही राम नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात सरांना एवढं नक्की कळत होतं.

“काय राहिलं? सांग ना.”

“तुम्ही राहिलात. संध्याकाळी मी इथे बसणार, तुम्ही कुठे बसणार? पलंग एकाचा, टेबल एकाचं. अहो सर, माणूस मोजलात, पण एकच!”

सरांचा चेहरा उतरला. हिचं कुणावाचून काही खोळंबू नये या काळजीपोटी त्यांनी स्वतःलाच नकाशातून पुसून टाकलं होतं. आणि हे लक्षातही आलं नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

ते वर गेले आणि धापा टाकत आपली वेताची खुर्ची घेऊन आले. खिडकीशी, तिच्या शेजारी ठेवली. बसले. पण अंगात मुरलेला मास्तर थोडाच गप्प बसतो!

“इथे ठेवली तर तुझी खुर्ची वळायची नाही. अडकेल.”

“अडकली तर तुम्ही आहात की सोडवायला.”

मग तिने दाराशी थांबलेल्या बहिणीकडे पाहिलं.

“ताई, निघ तू आता. वाटेत अंधार होईल.”